ई-कचरा : वर्गवारी, नियम आणि भिंतीपलीकडची माणसे

विनयपिटकातील भिक्खुणी-पातिमोक्खात एक साधा नियम आहे. विष्ठा, मूत्र, केरकचरा किंवा उष्टे अन्न भिंतीपलीकडे वा कुंपणापलीकडे टाकू नये. टाकल्यास तो पाचित्तिय, म्हणजे संघापुढे कबूल करावा लागणारा दोष होय. लगेच पुढचा नियम हीच गोष्ट हिरव्या पिकाविषयी सांगतो. नियमामागची कथाही विनयात दिली आहे. एका भिक्खुणीने भांड्यातील घाण भिंतीबाहेर ओतली आणि ती नेमकी पलीकडून जाणाऱ्या एका ब्राह्मणाच्या डोक्यावर पडली. ही कथा वर्गात सांगितली की मुले हसतात, आणि त्यांनी हसावेही. परंतु नियमाचा रोख कोणाच्या डोक्यावर पडले, याकडे नाही. पलीकडे पाहून मगच टाकले, तर दोष लागत नाही, अशी सूटही तेथे नोंदवलेली आहे. म्हणजे नियमाचे सारे मर्म त्या ‘पाहण्या’त आहे.

आज आपल्या घरांत, कार्यालयांत आणि शाळांत असा एक कचरा साठत आहे की जो टाकताना भिंतीपलीकडचे काहीच दिसत नाही. बंद पडलेला मोबाइल, जळालेला चार्जर, जुना संगणक, फुटकी ट्यूबलाइट, इन्व्हर्टरची बॅटरी. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या जागतिक अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यापैकी रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रण झाल्याची नोंद केवळ २२.३ टक्क्यांची आहे. भारताचा वाटा ४१ लाख टनांच्या आसपास. उरलेले कोठे जाते, हा प्रश्न पर्यावरणाचा आहेच. पण इतिहासाच्या शिक्षकाला तो आधी समाजरचनेचा प्रश्न वाटतो.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ हा या सर्व नियमांचा पाया. १९८९ साली धोकादायक कचऱ्याचे नियम आले, तरी ई-कचऱ्याला स्वतंत्र नियम मिळायला २०११ साल उजाडले आणि ते १ मे २०१२ पासून लागू झाले. २०१६ साली ते बदलले. सध्या लागू आहेत ते ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२; त्यांचा अंमल १ एप्रिल २०२३ पासून सुरू झाला. टाकून दिलेले विद्युत वा इलेक्ट्रॉनिक साधन, ते अखंड असो की त्याचा एखादा भाग असो, तसेच कारखान्यात किंवा दुरुस्तीत बाद ठरलेला माल म्हणजे ई-कचरा, अशी त्याची व्याख्या आहे. सौर पॅनलही आता त्यात आले आहेत. ग्रामीण भागातील ज्या शाळांच्या छतांवर ते बसले आहेत, त्यांनी हे लक्षात ठेवावे.

२०१६ च्या अनुसूचीत दोन वर्ग आणि २१ वस्तू होत्या; २०२२ च्या अनुसूचीत सात वर्ग आणि १०६ वस्तू आहेत. पहिला वर्ग माहिती-तंत्रज्ञान व दूरसंचार साधनांचा: संगणक, लॅपटॉप, प्रिंटर व त्याची कार्ट्रिज, दूरध्वनी, मोबाइल. दुसरा ग्राहकोपयोगी साधनांचा: दूरदर्शन संच, फ्रिज, धुलाईयंत्र, वातानुकूलन यंत्र, पाऱ्याचे दिवे, सौर पॅनल. तिसरा वर्ग घरगुती लहानमोठ्या यंत्रांचा. पंखा, इस्त्री, गीझर, दळण-वाटणाची यंत्रे यांत येतात. उरलेले चार म्हणजे विद्युत हत्यारे, खेळणी व क्रीडासाधने, वैद्यकीय उपकरणे आणि प्रयोगशाळेतील उपकरणे. बॅटरी मात्र या यादीबाहेर आहे. तिच्यासाठी ऑगस्ट २०२२ मध्ये स्वतंत्र बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम आले. म्हणून जुन्या इन्व्हर्टरची पेटी आणि तिला जोडलेली बॅटरी कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या वाटांनी जातात.

ही वर्गवारी वस्तूच्या वापरावरून केलेली आहे आणि ती मुख्यतः उत्पादकासाठी आहे. कोणत्या कंपनीने किती माल विकला आणि त्याच्या प्रमाणात किती कचऱ्याचे पुनर्चक्रण घडवून आणावे, याचा हिशेब तिच्यावरून लागतो. यालाच उत्पादकाची विस्तारित जबाबदारी म्हणतात. २०२३-२४ आणि २०२४-२५ साठी हे लक्ष्य ६० टक्के, पुढील दोन वर्षांसाठी ७० टक्के आणि २०२७-२८ पासून ८० टक्के आहे. उत्पादकाने नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडून तितकी प्रमाणपत्रे विकत घ्यायची आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर आपला हिशेब पुरा करायचा, अशी ही रचना आहे.

आपल्याला, म्हणजे घर आणि शाळा चालवणाऱ्यांना, या सात वर्गांचा प्रत्यक्ष हाताळणीत फारसा उपयोग नाही. युरोपीय संघाने २०१८ पासून आपली यादी बदलून सहा वर्ग केले. त्यांत थंड वा गरम करणारी यंत्रे, पडदे, दिवे असे वर्ग आहेत, म्हणजे वस्तू हाताळताना कोणती काळजी घ्यावी हे बरेचसे वर्गावरूनच कळते. माझ्या मते शाळेने आपली वेगळी वर्गवारी याच धर्तीवर, पण आणखी एक पायरी पुढे जाऊन करावी: वस्तूच्या पोटात काय आहे, यावरून.

जुन्या ठोकळेवजा मॉनिटरच्या आणि दूरदर्शन संचाच्या काचेत शिसे असते. ते थोडेथोडके नव्हे, किलोच्या मापाने मोजावे इतके. काच अखंड आहे तोवर ते बहुतांशी आतच राहते. फोडली की त्याची धूळ होते. म्हणून असा मॉनिटर कधीही फोडू नये, मुलांना उचलायला लावू नये, पावसात ठेवू नये. ट्यूबलाइट आणि सीएफएल दिव्यात पारा काही मिलिग्रॅमच असतो, परंतु दिवा फुटताच तो वाफेच्या रूपाने खोलीत येतो. जुनी ट्यूब नव्या ट्यूबच्या पुठ्ठ्याच्या वेष्टनात घालून उभी बांधून ठेवली, तर हा धोका पुष्कळ टळतो. दिवा फुटलाच तर खिडक्या उघडून मुलांना बाहेर काढावे आणि तुकडे जाड कागदाने गोळा करावेत. झाडूने पारा अधिक पसरतो. फ्रिज आणि वातानुकूलन यंत्र यांच्या नळ्यांत वायू असतो. तांब्यासाठी नळी कापली की तो हवेत जातो. मोबाइलची फुगलेली बॅटरी टोचू वा दाबू नये, कारण लिथियमची बॅटरी पेट घेते. तिची दोन्ही टोके चिकटपट्टीने झाकून वेगळ्या डब्यात ठेवावी. वायरी, कीबोर्ड, माऊस, चार्जर यांना आपण निरुपद्रवी समजतो. ते तसे असतातही, फक्त जाळले नाहीत तर.

आणि ते जाळले जातात. वायरीवरचे प्लॅस्टिक सोलत बसण्यापेक्षा ढीग पेटवून दिला की तांबे हाती लागते. त्या धुरात डायॉक्सिनसारखी विषे असतात. सर्किट बोर्ड शेगडीवर तापवून त्यावरचे भाग सुटे केले जातात. तेव्हा जोडणीतील शिसे वितळते आणि काम करणारा माणूस त्या वाफेवर वाकलेला असतो. नंतर उरलेला बोर्ड नत्राम्ल आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या मिश्रणात बुडवून सोने सोडवतात आणि राहिलेले पाणी गटारात ओततात. दिल्लीचे सीलमपूर या सुट्या भागांच्या बाजारासाठी आणि उत्तर प्रदेशातील मुरादाबाद बोर्ड जाळण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. रामगंगेच्या काठी साचलेल्या काळ्या राखेचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला. मुंबईत कुर्ला, साकीनाका, धारावी येथील गल्ल्यांतून हाच माल फुटतो. शिशाचा सर्वाधिक आघात लहान मुलांच्या वाढत्या मेंदूवर होतो, याबद्दल वैद्यकशास्त्रात दुमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली बालके आणि ई-कचरा या विषयावर स्वतंत्र अहवाल काढला, तो याच कारणाने.

आता भिंतीपलीकडे नीट पाहू. हे काम करणारे बहुतांशी गरीब मुस्लिम, दलित आणि पोटासाठी गाव सोडून आलेले स्थलांतरित आहेत. आपल्या गावगाड्याचा इतिहास ज्याने वाचला आहे, त्याला हे दृश्य अगदीच अपरिचित वाटणार नाही. मेलेले जनावर गावाबाहेर ओढून नेणे हे महारांचे वतनी काम ठरवलेले होते. जनावराच्या कातड्याला, शिंगाला, हाडाला मोल होते. पण ते काढणारा हात अपवित्र मानला गेला आणि त्या अपवित्रतेच्या नावाखाली त्याचे मोल कवडीइतके ठेवले गेले. मार्च १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस आणि असली हीन ठरवलेली कामे सोडण्याचे आवाहन केले. १९२८ साली मुंबई विधिमंडळात त्यांनी वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. १९३६ च्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या प्रबंधात श्रमाची विभागणी आणि श्रमिकांची विभागणी यांतील भेद त्यांनी स्पष्ट केला, तो प्रत्येक आंबेडकरी कार्यकर्त्याला मुखोद्गत असतो.

ही तुलना अर्धीच लागू पडते, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. ई-कचऱ्याचे काम कोणी वतन म्हणून लादलेले नाही. त्यात रोख पैसा आहे, कौशल्य आहे, काहींनी त्यावर घरे उभारली आणि मुले शिकवली. म्हणून ‘हे घाणेरडे काम सोडा’ एवढा उपदेश येथे पुरत नाही. खाणीतील एक टन धातुकातून काही ग्रॅम सोने निघते. मोबाइलच्या एक टन बोर्डांतून त्याच्या कितीतरी पट. म्हणूनच याला ‘शहरी खाण’ असे नाव पडले आहे. आणि खाण म्हटली की मला मजूरमंत्री बाबासाहेब आठवतात. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबाद भागातील कोळसा खाणीत स्वतः उतरले, मजुरांच्या वस्त्या त्यांनी पाहिल्या. १९४४ साली कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधी आला. खाण बंद करा, असे ते म्हणाले नाहीत. खाणीत उतरणाऱ्या माणसाचा राज्यसंस्थेने हिशेब ठेवावा, हा त्यांचा आग्रह होता.

या दृष्टीने २०२२ च्या नियमांतील एक तरतूद मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि तिची चर्चा सर्वांत कमी होते. राज्याच्या कामगार विभागाने या क्षेत्रातील कामगारांची ओळख पटवून नोंदणी करावी, त्यांचे गट बांधण्यास साहाय्य करावे, त्यांना कौशल्य-प्रशिक्षण द्यावे आणि त्यांच्या आरोग्य व सुरक्षिततेची दरवर्षी पाहणी करावी. उद्योग विभागाने औद्योगिक वसाहतींत या कामासाठी जागा वा शेड राखून ठेवावी, असे नियमांत स्पष्ट लिहिले आहे. असे संघटन अशक्य नाही, याचे उदाहरण आपल्या राज्यातच आहे. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. तिच्या सभासदांत दलित स्त्रियांचे प्रमाण फार मोठे आहे. याच संघटनेतून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्या स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ पासून ती महानगरपालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. ज्यांना लोक उकिरड्यावरच्या बायका म्हणत, त्या ओळखपत्र घालून दारात येऊ लागल्या.

शाळेने आणि माजी विद्यार्थ्यांनी काय करावे

२०१६ च्या नियमांत ‘मोठे ग्राहक’ या संज्ञेत शैक्षणिक संस्थांचा नावानिशी उल्लेख होता आणि त्यांना ई-कचऱ्याची नोंदवही व वार्षिक विवरण ठेवावे लागे. २०२२ च्या नियमांत ही संज्ञा बदलली. वर्षात कोणत्याही वेळी अनुसूचीतील किमान एक हजार नग वापरणारी संस्थाच आता मोठा ग्राहक ठरते. आपला कचरा नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारा किंवा पुनर्चक्रण करणारा यांनाच देण्याचे बंधन त्या मोठ्या ग्राहकांपुरते उरले आहे. संगणक कक्ष, कार्यालय, वसतिगृह, स्वयंपाकघर सारे मोजले तरी आपल्यासारखी निवासी शाळा हजार नगांपर्यंत पोहोचणे कठीण. याचा अर्थ कायद्याने आपल्याला मोकळे सोडले आहे. विनयाच्या नियमाला मात्र भिक्खुणींची किमान संख्या लागत नव्हती.

तेव्हा जुनी पद्धत आपण स्वेच्छेने चालू ठेवावी. जडवस्तू नोंदवहीतून वस्तूचे निर्लेखन करताना केवळ ‘निरुपयोगी’ असा शेरा मारून ती सर्वाधिक बोली लावणाऱ्या भंगार व्यापाऱ्याला देण्याची रीत सर्वत्र आहे. त्याऐवजी निर्लेखनाच्या ठरावातच वस्तू ई-कचरा आहे की बॅटरी, तिचे वजन किती आणि ती कोणत्या नोंदणीकृत केंद्राला दिली, हे लिहावे. नोंदणी खरी आहे की नाही, हे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर पाहता येते. केंद्राकडून पावती घेऊन ती नोंदवहीला जोडावी. देण्यापूर्वी संगणकातील विद्यार्थ्यांची माहिती, जातीचे दाखले, बँक तपशील पुसले गेल्याची खात्री करावी. नुसती फाइल ‘डिलीट’ करून ती जात नाही, हार्ड डिस्क पूर्ण पुसावी लागते. नोंदणीकृत केंद्र भंगार व्यापाऱ्यापेक्षा भाव कमी देईल, हे गृहीत धरावे. त्या जादा भावात कोणाच्या तरी फुप्फुसाची किंमत मिळवलेली असते.

तरीही दारावर येणाऱ्या भंगारवाल्या दादांना चोरासारखे हाकलू नये. पत्रा, रद्दी, लोखंड त्यांना द्यावे आणि मॉनिटर, ट्यूब व बॅटरी का देत नाही, ते दोन शब्दांत सांगावे. या शाळेत शिकलेल्या कित्येकांच्या घरात हा व्यवसाय आहे, हे आपण सारे जाणतो.

दुरुस्तीला मात्र पुनर्चक्रणाच्या आधी स्थान हवे. चुल्लवग्गात राजा उदेन आणि आनंद यांचा संवाद आहे. कौशाम्बीला राणीवशातील स्त्रियांनी आनंदाला पाचशे चीवरे दान दिली. इतकी वस्त्रे घेऊन हा श्रमण काय दुकान मांडणार, अशी राजाला शंका आली. आनंदाने सांगितले की ज्यांची चीवरे जीर्ण झाली, त्यांना ती वाटू. मग जीर्ण चीवरांचे काय? त्यांची अंथरुणावरची आच्छादने करू. ती विरली की गाद्यांच्या खोळी, मग जमिनीवरचे आच्छादन, मग पायपुसणी, मग झटकणी. आणि झटकणीही झिजली की तिचे तुकडे करून चिखलात मळून जमीन लिंपू. राजा प्रसन्न झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. यात वस्तूच्या आयुष्याच्या सहा पायऱ्या आहेत. संगणकाच्या बाबतीत अखेरच्या पायरीआधी आपण थांबतो, कारण मॉनिटर चिखलात मळता येत नाही. पण त्याआधीच्या पायऱ्या आपणही गाळतोच. स्मृती वाढवून, हार्ड डिस्क बदलून, हलकी कार्यप्रणाली घालून जुना संगणक टंकलेखनाच्या सरावाला आणखी काही वर्षे सहज चालतो.

येथे माजी विद्यार्थ्यांशी थोडे स्पष्ट बोलतो. शाळेला संगणक दान देण्याची आपली भावना मोलाची आहे. परंतु कार्यालयातून बाद झालेले, चालू होत नसलेले संच ‘मुलांना उपयोगी पडतील’ म्हणून पाठवले जातात, तेव्हा दानाच्या नावाखाली कचराच भिंतीपलीकडे येतो. श्रीमंत देशांनी गरीब देशांना ‘वापरलेली साधने’ म्हणून हेच केले. १९८९ च्या बासेल करारात अलीकडे दुरुस्ती करून १ जानेवारी २०२५ पासून सर्वच ई-कचऱ्याच्या आंतरदेशीय वाहतुकीला घेणाऱ्या देशाची पूर्वसंमती आवश्यक केली, ती या अनुभवातून. शाळेनेही आपला छोटासा बासेल करार करावा: चालू स्थितीत असलेला संच, त्याच्यासोबत दुरुस्तीसाठी थोडी रक्कम आणि तो कायमचा बंद पडल्यावर नोंदणीकृत केंद्रापर्यंत पोहोचवण्याची दात्याची तयारी. एवढे असेल तर दान स्वीकारावे. तथागतांनी उपासकांसाठी वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत विषाचा व्यापार आहे. शिशाने भरलेला मॉनिटर नकळत दुसऱ्याच्या अंगणात सारणे त्याच्या किती जवळ जाते, याचा विचार धम्मवर्गात व्हायला हरकत नाही.

आपले अनेक माजी विद्यार्थी आज कामगार विभागात, औद्योगिक विकास महामंडळात, नगरपरिषदांत आणि जिल्हा परिषदांत आहेत. त्यांनी आपल्या जिल्ह्यापुरते तीन प्रश्न विचारावेत. ई-कचरा तोडणाऱ्या किती कामगारांची नोंदणी झाली? त्यांच्या आरोग्याची वार्षिक पाहणी कधी झाली? औद्योगिक वसाहतीत या कामासाठी जागा राखली आहे का? जे खात्यात नाहीत, त्यांच्यासाठी माहितीचा अधिकार आहे. जिल्ह्याच्या कामगार कार्यालयातील जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे साध्या कागदावर अर्ज लिहून त्याला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत असते.